चढाई चालू असताना दिलेलं उत्तर: एका उपांत्य सामन्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जिल्हा पातळीवरची महिला कबड्डी स्पर्धा, उपांत्य सामना, जानेवारीतली रात्र. उघड्या मैदानावर मॅट अंथरलेली, बांबूंना दोरी बांधून प्रेक्षक थोपवलेले. त्या सामन्याला मी सरपंच, म्हणजे मुख्य पंच होतो. गाव, वर्ष आणि संघांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, जर्सीचे रंगही बदलले आहेत. एका संघाला पिवळा म्हणू, दुसऱ्याला निळा.

कबड्डी रोज न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सामन्यात सरपंच एक, पंच दोन, गुणलेखक एक आणि त्याचे दोन सहाय्यक असतात. पंच दोन्ही बाजूंच्या रेषांवर समोरासमोर उभे राहतात. स्पर्श, बोनस, पकड यांचे निर्णय तेच देतात आणि त्यांच्यात एकमत झालं नाही तर शब्द सरपंचाचा चालतो. महिलांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, डाव १५-१५ मिनिटांचे, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. चढाई ३० सेकंदांची, आणि एक चढाई संपली की ५ सेकंदांत समोरचा चढाईपटू आत आलाच पाहिजे. ही ५ सेकंदं लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिथेच घडलं. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये पंच दोन वाक्यं बोलू शकतो. आमच्याकडे बोलायला जागाच नाही. त्यात प्रशिक्षकाची खुर्ची पंचापासून चार-पाच पावलांवर, म्हणजे तो नुसता पुटपुटला तरी ऐकू येतं.

पिवळ्या संघाच्या प्रशिक्षकांना सगळा जिल्हा अण्णा म्हणतो. वय साठीच्या पुढे. मी खेळायचो तेव्हापासून त्यांना ओळखतो, आणि पंचवीस वर्षं त्यांना अण्णाच म्हणत आलोय. निळ्या संघाच्या प्रशिक्षक तिशीतल्या, स्वतः राज्य स्पर्धेपर्यंत खेळलेल्या, शाळेत नोकरी करून संध्याकाळी मुलींचा सराव घेणाऱ्या. प्रशिक्षक म्हणून त्यांचं दुसरं वर्ष. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. एकाला अण्णा आणि दुसरीला मॅडम, यात काही चुकतंय असं त्या रात्रीपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

सामन्याआधी मी दोन्ही पंचांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘प्रशिक्षकांनी काही विचारलं तर आदराने उत्तर द्या, उर्मटपणा नको.’ त्यातले एक पंच तरुण होते, परीक्षा उत्तीर्ण होऊन फार दिवस झाले नव्हते. उत्तर द्या, हे मी सांगितलं. कधी द्या, हे सांगितलं नाही.

काय घडलं

मध्यंतराला पिवळा संघ १४-१२ असा पुढे होता. शेवटची सहा मिनिटं राहिली तेव्हा गुणफलकावर २१-२० होतं. निळ्याच्या सहा मुली मॅटवर होत्या, म्हणजे बोनस, बोनस रेषा ओलांडण्याचा जादा गुण, खुला होता. पिवळ्याची चढाईपटू आत गेली, डाव्या कोपऱ्याकडे झुकली आणि तिने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला. बोनस मिळायचा तर पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा. त्या बाजूला आपले तरुण पंच होते. त्यांनी मान हलवली, बोनस नाही. पिवळ्याची ही सलग दुसरी रिकामी चढाई. स्पर्धेत तिसऱ्या चढाईचा नियम लागू होता, त्यामुळे पुढच्या खेपेला गुण घ्या, नाहीतर चढाईपटू बाद.

अण्णा खुर्चीतून उठले. ‘सर, मागचा पाय वर होता! बोनस का नाही?’

आवाज चढा होता, पण प्रश्न खरा होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पंच त्यांच्याकडे वळले आणि समजावू लागले. नुसतं तोंडाने नाही, स्वतःचा उजवा पाय पुढे टाकून, डाव्या पायाचा चवडा मॅटवर टेकवून दाखवला की असा टेकलेला होता. मीही अण्णांकडेच पाहत होतो, कारण ते मॅटवर येतात की काय अशी मला काळजी होती.

तेवढ्यात निळ्याची चढाईपटू आत शिरली होती. उंच मुलगी, पाय लांब. तिने पिवळ्याच्या उजव्या कोपऱ्यावर खाली वाकून पाय फेकला आणि तशीच मागे फिरून मध्यरेषा ओलांडली. हात वर करून एक गुण मागितला. तरुण पंचांच्या डोळ्यांसमोरचा तो कोपरा, पण त्यांचं तोंड त्या वेळी अण्णांकडे. पलीकडच्या पंचांना मध्ये तीन बचावपटूंच्या पाठी आडव्या आलेल्या. दोघांपैकी कुणीही हात वर केला नाही.

मॅडम उठून रेषेपर्यंत आल्या. ‘सर, टच होता! स्पष्ट टच होता!’

मी म्हणालो, ‘मॅडम, तुम्ही बसून घ्या.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न चढवता विचारलं, ‘अण्णांना पाय टाकून समजावून सांगता, आणि मला बसून घ्या म्हणता?’

दोरीपलीकडचे लोक हे ऐकून ओरडू लागले. मी शिट्टी वाजवून अधिकृत टाइम-आउट घेतला.

नेमका पेच

वरून पाहता वाद एका स्पर्शाचा होता. शांतपणे पाहिलं तर तीन गोष्टी एकात एक गुंतलेल्या होत्या.

स्पर्श झाला की नाही, हे आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक का नव्हतं, तर आम्ही एका प्रशिक्षकाशी बोलण्यात गुंतलो होतो म्हणून. आणि दुसऱ्या प्रशिक्षकाने तोच प्रश्न विचारला तेव्हा तिला उत्तर नाही, हुकूम मिळाला होता. शेवटची गोष्ट सगळ्यात जड होती. स्पर्शाचा निर्णय कसाही गेला असता तरी मॅडमचं ते वाक्य खरंच राहिलं असतं.

शिवाय प्रश्न एका गुणाचा नव्हता. पिवळ्याची ती उजवी कोपरारक्षक त्यांची सगळ्यात भरवशाची बचावपटू. ती बाहेर गेली असती आणि निळ्याची बाद झालेली मुलगी आत आली असती. सहाला सात हा खेळ सातला सहा झाला असता.

समोर असलेले पर्याय

पहिला, ‘स्पर्श नाही’ असं ठामपणे सांगून खेळ सुरू करणं. बहुतेक पंच हेच करतात, मीही अनेकदा केलंय. वेळ वाचतो, पंचाचा रुबाब राहतो. पण ‘स्पर्श नाही’ आणि ‘स्पर्श दिसला नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य उच्चारलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

दुसरा, त्या कोपऱ्यातल्या मुलीलाच विचारणं, ‘लागला का गं पाय?’ गावच्या मैदानांवर हे चालत आलेलं आहे, आणि स्वतःहून हात वर करून बाहेर जाणारे खेळाडू मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तरी मी विचारलं नाही. स्वतःहून सांगणं निराळं, आणि हजार-बाराशे माणसांसमोर, आपल्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली, पंचाने विचारल्यावर सांगणं निराळं. आमच्या चुकीचं ओझं एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकणं मला पटलं नाही.

तिसरा, चढाई पुन्हा घेणं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ती एकदा दिली की उरलेल्या सहा मिनिटांत प्रत्येक नाकारलेल्या गुणाला तेच मागितलं गेलं असतं, आणि नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नसतं.

चौथा पर्याय दोरीपलीकडून आला. एक मुलगा मोबाइल उंच धरून ओरडत होता, ‘सर, व्हिडिओ आहे, बघा!’ मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण तो मुलगा निळ्याचा समर्थक, कॅमेरा एकाच बाजूने, आणि दुसऱ्या संघाला असा व्हिडिओ मिळण्याची काहीच हमी नाही. प्रो कबड्डीत रिव्ह्यू असतो, पण तो दोन्ही संघांना सारखा मिळतो आणि त्यासाठी सगळ्या बाजूंना कॅमेरे असतात. हातात आलेला एक मोबाइल म्हणजे रिव्ह्यू नव्हे.

पाचवा, कार्ड. रेषेपर्यंत आल्याबद्दल मॅडमना हिरवं कार्ड दाखवता आलं असतं, ताकीद म्हणून. मग अण्णांनाही दाखवायला हवं होतं, कारण तेही उठलेच होते. त्यांचा प्रश्न ऐकून आम्ही पाय टाकून उत्तर दिलं, आणि आता त्यावर मॅडमना कार्ड दाखवायचं? त्या क्षणी हाताला कार्ड लागलं असतं तर सामना कदाचित तिथेच फुटला असता.

काय केलं

दोन्ही पंचांना मध्यरेषेवर बोलावलं आणि दोन्ही बेंचकडे पाठ करून उभे राहिलो. त्यांना ‘काय द्यायचं?’ असं मी विचारलं नाही. ‘तुम्ही काय पाहिलं?’ एवढंच विचारलं, एकेकाला. पलीकडचे पंच म्हणाले, ‘पाय गेलेला दिसला, लागलेला दिसला नाही.’ तरुण पंचांनी मान खाली घातली. ‘सर, मी पाहत नव्हतो.’ हे सांगायला धाडस लागतं. त्यांनी दोन सेकंदंही घेतली नाहीत.

मग दोन्ही कर्णधार आणि दोन्ही प्रशिक्षकांना एकाच वेळी गुणलेखकाच्या टेबलापाशी बोलावलं. अण्णा सवयीने माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी दोन पावलं मागे सरकून टेबल मध्ये घेतलं, म्हणजे चौघेही समोर येतील. आणि म्हणालो:

‘पंचांना स्पर्श दिसलेला नाही. जे दिसलं नाही त्याचा गुण देता येत नाही, म्हणून चढाई रिकामी. चढाई चालू असताना पंच बेंचशी बोलत होते, ही आमची चूक आहे, आणि मॅडम, तुम्हाला मी ज्या पद्धतीने बोललो तीही. आता पुढे चढाई चालू असताना कोणत्याही बेंचला उत्तर मिळणार नाही. विचारायचं असेल तर कर्णधाराने हात वर करावा, खेळ थांबल्यावर मी स्वतः येईन. हे दोन्ही प्रशिक्षकांना लागू.’

अण्णा म्हणाले, ‘अरे पण माझा बोनस?’

‘प्रशिक्षक, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. मागचा पाय टेकलेला होता.’

‘प्रशिक्षक’ हा शब्द माझ्या तोंडून ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुखावले होते, आणि ते मला स्पष्ट दिसलं. ते काही न बोलता खुर्चीकडे गेले.

मॅडमनी विचारलं, ‘म्हणजे टच झाला नाही असं तुमचं म्हणणं नाही?’ मी म्हणालो, ‘नाही. दिसला नाही एवढंच म्हणणं आहे.’ त्या थांबल्या, मान हलवली आणि त्यांच्याकडे उरलेला ३० सेकंदांचा टाइम-आउट मागितला. मुलींना गोल करून त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण मुली पुन्हा मॅटवर आल्या तेव्हा पंचांकडे कुणी पाहत नव्हतं.

तरुण पंचांना तिथेच बदलून घ्यावं असा विचार एकदा डोक्यात आला होता. मी बदललं नाही. खरं बोलल्याबद्दल माणसाला मॅटवरून उतरवलं असाच अर्थ सगळ्यांनी घेतला असता, आणि पुढच्या वेळी ‘मी पाहत नव्हतो’ असं कुणीच म्हणालं नसतं.

निकाल

सामना पिवळ्या संघाने २८-२५ असा जिंकला. त्या उजव्या कोपरारक्षकेने शेवटच्या सहा मिनिटांत दोन पकडी केल्या. निळ्या संघाकडून लेखी हरकत आली नाही. मॅडमनी गुणपत्रकावर सही केली आणि तरुण पंचांशी हात मिळवला. माझ्याशीही मिळवला, पण नजर न मिळवता.

अण्णा दुसऱ्या दिवशीच्या अंतिम सामन्यानंतर मला न भेटता गेले. त्या आधी पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बक्षीस समारंभाच्या आधी पिवळ्याची ती कोपरारक्षक चहाच्या टेबलापाशी आली. पायाच्या बोटांवर पट्टी होती. म्हणाली, ‘सर, काल त्यांच्या रेडरचा पाय माझ्या अंगठ्याला लागला होता. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.’ तिला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. ‘बरं झालं सांगितलंस,’ एवढंच म्हटलं. तिला न विचारण्याचा माझा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. तरी तिचं वाक्य अधूनमधून आठवतं.

आता मागे पाहताना

निर्णयाची खरी वेळ टाइम-आउटची नव्हती. ती त्याच्या आधी होती, अण्णा उठले आणि पंच त्यांच्याकडे वळले तेव्हा. माझ्या हातात शिट्टी होती. दोन गोष्टी करता आल्या असत्या. पंचाला खूण करून मॅटकडे वळवायचं, किंवा निळ्याची चढाई सुरू होण्याआधीच खेळ थांबवून अण्णांना उत्तर द्यायचं आणि ते मॅडमच्या कानावर पडेल असं द्यायचं. मी दोन्ही केलं नाही, कारण मीही पंचासारखाच प्रश्नाकडे ओढला गेलो. प्रशिक्षक बोलला की पंचाची मान आपोआप वळते. सराव करून मोडायची सवय आहे ही.

इतर खेळांनी या अडचणीवर आपापले तोडगे काढले आहेत. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू खेळाबाहेर असताना फक्त मैदानावरचा कर्णधार पंचाकडे नियमाचं स्पष्टीकरण मागू शकतो. फुटबॉलमध्ये २०१९ पासून प्रशिक्षकांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत निर्णयाबद्दल पंचाशी बोलायची मुभा फक्त कर्णधाराला होती. कर्णधाराचा मार्ग मला कबड्डीला जवळचा वाटतो, पण एक फरक आहे. आमचा कर्णधार स्वतः सात जणांतला एक असतो. तो बाद होऊन बाहेर बसलेला असला तर विचारायचं कुणी? म्हणून बेंचवरच्या प्रशिक्षकाचा आवाज पूर्ण बंद करता येत नाही, करूही नये. वेळ ठरवून देता येते.

आणि पंचांचं उत्तर बदलत राहिलं तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पाहिलं. भारत-इराण पुरुषांची अंतिम लढत, २८-२८ अशी बरोबरी, पवन सेहरावतची तिसरी चढाई. तो स्पर्श न होता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला, त्याच्या मागे इराणचे बचावपटू गेले, आणि जुना नियम लावायचा की नवा यावर सामना सुमारे तासभर अडला. निर्णय फिरत राहिला, दोन्ही बाजू वाद घालत राहिल्या. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. पण पंच म्हणून पाहताना माझ्या पोटात गोळा आला होता, कारण तिथेही प्रत्येक नवं उत्तर आधी एका बाजूला कळत होतं आणि दुसरी बाजू ते ऐकून पेटत होती असं मला दिसत होतं.

माझ्या सामन्यांत आता हे बदललं आहे. नाणेफेकीनंतर दोन मिनिटं दोन्ही प्रशिक्षक आणि कर्णधार टेबलापाशी येतात. मी सांगतो की चढाई चालू असताना उघडा तळवा दिसला तर त्याचा अर्थ ‘ऐकलं, नंतर सांगतो’. आणि ‘नंतर’ खरंच येतं, ते विसरायचं नाही, नाहीतर दुसऱ्या तळव्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. उत्तर एका वाक्याचं: काय दिसलं, एवढंच. पाय टाकून प्रात्यक्षिक नाही. प्रात्यक्षिकाने प्रशिक्षकाचं समाधान होत नाही, उलट त्याला वाद घालायला दुसरा मुद्दा मिळतो.

आणि दोरीच्या आत सगळेच ‘प्रशिक्षक’. अण्णा, ताई, मॅडम, भाऊ हे सगळं दोरीच्या बाहेर. याची सवय व्हायला मला वेळ लागला, कारण आमच्या मैदानांवर माणसं नात्यानेच ओळखली जातात, आणि ते मला आवडतं. पण ‘अण्णा’ या शब्दात जो ओलावा आहे तो समोरच्या बेंचला ऐकू जातो, आणि तो आपल्या वाट्याला नाही हेही कळतं.

एक गोष्ट मात्र मी वेगळी करायला हवी होती. सामना सुरू होण्याआधीच अण्णांना भेटून सांगायला हवं होतं की आज आत गेल्यावर मी तुम्हाला अण्णा म्हणणार नाही. भर मैदानात, टेबलापाशी, पहिल्यांदाच तो शब्द काढून घेतला आणि ते त्यांना लागलं. पुढच्या मोसमात त्यांच्या गावी जाऊन मी हे त्यांच्या ओटीवर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा दिला. म्हणाले, ‘पण बोनस होता रे.’ मी म्हणालो, ‘अण्णा, चवडा टेकला होता.’ ते उठले, ओटीवरच उजवा पाय पुढे टाकला आणि डावा उचलून मला दाखवू लागले.